न धुतलेला सेंट

मी एक जुना सेंट आहे, अमेरिकेतले तांब्याचे नाणे, आणि मी रागावलेला आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू सहसा गरीब स्वभावाच्या असतात. त्या उसासे टाकतात, चांगले दिवस आठवतात आणि शेवटी डोळे पुसतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. माझ्या पोटात एकशे पासष्ट वर्षांचा राग आहे आणि तो मी आज सांगणार आहे.

माझा जन्म १७९६ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत झाला. टांकसाळ म्हणजे काही थाटाची जागा नव्हती. विटांच्या दोनतीन इमारती, मागच्या बाजूला घोडे, आणि मिळेल तिथून गोळा करून आणलेले तांबे. माझ्या अंगात कुणाच्या तरी फुटक्या किटलीचे तांबे आहे आणि जहाजाच्या खिळ्यांचेही आहे. त्या काळी साचे हाताने कोरत. एक साचा गेला की कारागीर दुसरा कोरायला बसे, आणि माणसाचाच हात तो, दर वेळी काहीतरी निराळे होई. माझ्या साच्यावर मोकळ्या केसांच्या बाईचे तोंड कोरताना त्याचा हात घसरला आणि तिची एक बट हनुवटीखाली जास्तच लांब गेली. थोड्याच दिवसांत तो साचा तडकला आणि फेकून दिला गेला. आज त्या साच्याचे आम्ही तेरा भाऊ उरलो आहोत. जुनी तांब्याची नाणी जमवणारे लोक आम्हाला 'लांब बट' म्हणतात, आणि त्या एका घसरलेल्या हातापायी चांगली शहाणीसुरती माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात.

त्या कोरलेल्या बाईच्या डोक्यावर, माझ्या वरच्या कडेला, सात इंग्रजी अक्षरांचा एक शब्द आहे. तो लक्षात असू द्या.

टांकसाळीतून निघून पाचसहा दिवसांतच मी टॅमसिनच्या हातात पडलो. टॅमसिन वीस वर्षांची काळी मुलगी होती. ती गुलाम म्हणून जन्मली. ती तेरा वर्षांची असताना मालकाने "तुला मोकळी करतो" म्हणून मोठे मन दाखवले आणि लगेच सात वर्षांच्या फुकट चाकरीचा कागद तिच्यापुढे सरकवला. ती सात वर्षे त्या पानगळीत संपली. मग तिने एक टप घेतला, एक खोली घेतली आणि लोकांचे कपडे धुवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्याच्या कमाईत जे मूठभर सेंट तिला मिळाले, त्यांतला मी एक होतो. बाकीचे मळके होते. मी नवा, निखाऱ्यासारखा लालभडक होतो.

पाव घ्यायला ती दुकानात गेली. मला काउंटरवर ठेवता ठेवता थांबली.

"यावर काय लिहिलंय हो?" तिने पाववाल्याला विचारले.

"लिबर्टी."

"म्हणजे सुटका?"

"सुटका म्हण, मोकळीक म्हण, स्वातंत्र्य म्हण."

"आणि किंमत एक सेंट?"

"एक सेंट."

"स्वस्त लावलीय," टॅमसिन म्हणाली. तिने मला परत मुठीत घेतले आणि दुसरा सेंट पुढे केला.

पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये नाव नोंदवायला गेली. तिथल्या कारकुनाने आडनाव विचारले. तोवर तिच्या नावाला मालकाचे आडनाव चिकटलेले असे, बैलाला डाग दिलेला असतो तसे. तिने मूठ उघडली आणि माझ्यावर बोट ठेवले.

"हे लिहा."

"हे तर नाण्यावरचं आहे, पोरी."

"नाणं माझं आहे. माझ्या कमाईचं आहे. लिहा तुम्ही."

त्याने लिहिले, टॅमसिन लिबर्टी. ते चर्च पुढे एका आगीत गेले आणि ती वहीही गेली. म्हणून आज ते नाव कुठल्याच कागदावर सापडत नाही.

त्यानंतर साठ वर्षांहून जास्त काळ मी तिच्याकडे राहिलो. तिने मला फलालीनच्या मऊ तुकड्यात गुंडाळून चुलीपासून लांब, कोरड्या फळीवर ठेवले होते. त्या खोलीत दिवसभर पाणी, साबण, वाफ आणि स्टार्च. फिलाडेल्फियातल्या अर्ध्या पुरुषांचे सदरे तिथे धुतले गेले. पलंगपोस धुतले गेले, बाळंतिणींच्या चादरी धुतल्या गेल्या, मेलेल्यांचे अंगरखे धुतले गेले. त्या घरात एकच वस्तू कधी धुतली गेली नाही. ती वस्तू म्हणजे मी.

शेजारी हेस्टर नावाची बाई राहायची. एकदा तिने काकडीचे लोणचे घातले. आमच्याकडे लोणच्याच्या बरणीत तांब्याचे सेंट टाकायची रीत होती, म्हणजे काकडी हिरवीगार राहते. ती सेंट मागायला आली आणि फळीवरून मलाच उचलले.

"ए! तो ठेव खाली!" टॅमसिन टपावरून उठली ती कोपरापर्यंत फेस घेऊनच.

"अगं, दोन आठवड्यांत परत देते. व्हिनेगरनं उलट चकचकीत होईल की तुझा सेंट."

"मला चकचकीत नकोय."

"कपडे तेवढे आरशासारखे करतेस लोकांचे, आणि हा असा काळवंडलेला ठेवतेस?"

"लोकांचे कपडे लोकांच्या अंगाला लागलेले असतात, म्हणून धुते. याला कुणाचा मळ लागलाय? माझाच ना? राहू दे तो."

तिने हात कोरडे केले, मला घेतले आणि परत गुंडाळून ठेवले. हेस्टर बडबडत गेली. तिचे लोणचे त्या वर्षी पिवळे पडले आणि त्याचा दोष पुढे कित्येक वर्षे टॅमसिनच्या माथी आला.

माझा लाल रंग हळूहळू उतरून चॉकलेटी झाला, तोही तिच्याच हातच्या उबेने. मी झिजलो नाही, कारण मी कुठे फिरलोच नाही. माझे बाकीचे भाऊ दुकानादुकानांतून, खिशाखिशांतून घासून गुळगुळीत झाले. माझ्या अंगावरची एकेक रेघ जशीच्या तशी राहिली. आज जे लोक मला बघून "काय नशीबवान नाणं!" म्हणतात, त्यांना एवढेच सांगतो की ते नशीब नव्हते. एका बाईने पावाला आणि साबणाला पैसे कमी पडत असतानाही मला खर्च केले नाही.

१८५७ साली सरकारने आमच्यासारखे मोठे सेंट बंद केले आणि नखाएवढे नवे काढले. लोक थैल्या भरभरून जुने सेंट बदलायला टांकसाळीच्या दारात उभे राहिले. आणि त्याच वर्षी काही लोकांना एकदम साक्षात्कार झाला की जुने सेंट जमवले पाहिजेत. साठ वर्षे ज्यांनी आम्हाला हाताला वास लागतो म्हणून नाके मुरडली, तेच आता भिंगे घेऊन बसले.

त्यांतला एक हायरम टॉलंड. हा औषधांचा दुकानदार होता आणि टॅमसिन दर सोमवारी त्याचे सदरे न्यायला जायची. ती आता ऐंशीच्या पुढे गेली होती, तरी कपड्यांचे गाठोडे पाठीवर मारून रस्ता चालायची. टॉलंडने सेंटांसाठी लाकडी खणांचे कपाट करून घेतले होते. एका सोमवारी खण उघडा होता आणि तो कपाळाला आठ्या घालून त्याकडे बघत होता.

"काय हरवलं, साहेब?"

"हरवलं नाही, मिळत नाही. शहाण्णव सालचा एक सेंट. त्याच्यावरच्या बाईची एक बट हनुवटीखाली येते."

"माझ्याकडे आहे तो," टॅमसिन म्हणाली.

ती बढाई नव्हती. इतक्या वर्षांत कुणी पहिल्यांदा तिच्या सेंटाबद्दल विचारत होते, याचा तिला आनंद झाला होता. पुढच्या सोमवारी तिने फलालीन उलगडून मला त्याच्या टेबलावर ठेवले. टॉलंडने झटकन भिंग उचलले.

"आठवडाभर राहू दे माझ्याकडे. ताडून बघतो आणि देतो."

"परत द्याल ना, साहेब?"

"म्हणजे काय! अगं, मी काय चोर आहे?"

मित्रांनो, त्या प्रश्नाचे उत्तर तिने दिले नाही. मी देतो. होता.

पुढच्या सोमवारी ती आली. "साहेब, माझा सेंट?"

"अजून बघतोय."

त्याच्या पुढच्या सोमवारी. "साहेब, माझा सेंट?"

"घाई काय आहे तुला? कुठे पळून चाललाय का तो?"

असे सहा सोमवार गेले. मी त्या खणातल्या मखमलीवर पडून प्रत्येक वेळी तिचा आवाज ऐकत होतो. सहाव्या सोमवारी ती खुर्चीवर न विचारता बसली. टॉलंडच्या घरात ती कधी बसली नव्हती.

"साहेब, माझे आता थोडेच दिवस आहेत. मेल्यावर डोळे मिटून राहावेत म्हणून पापण्यांवर ठेवतात, तसले दुसरे सेंट मिळतील. पण मुठीत मला तोच हवाय. तेवढा द्या."

"मुठीत? जमिनीत पुरणार तू तो?" टॉलंड खरोखर दचकला. "वेडी आहेस का, टॅमसिन? दहा वर्षांत हिरवा चुरा होईल त्याचा."

"होऊ दे की. माझाच होईल."

"पुढच्या सोमवारी देतो," टॉलंड म्हणाला.

पुढच्या सोमवारी सदरे न्यायला दुसरीच बाई आली. टॅमसिनला गुरुवारी पुरले, असे तिने सांगितले. टॉलंडने ते ऐकून घेतले. मग त्याने कागदाचा एक चौकोन कापला, त्याचे छोटे पाकीट केले, त्यात मला घातले आणि वर बारीक अक्षरांत लिहिले, 'धु. टॅम.' धुणेवाली टॅमसिन. त्याला लाज वाटली असावी. पण ती लाजही त्याने पाकिटावर मावेल एवढीच वाटून घेतली.

मी तिच्या मुठीत चुरा झालो असतो तर मला चालले असते. हे मी जपणाऱ्यांच्या तोंडावर सांगतो.

टॉलंड मेल्यावर त्याचे कपाट लिलावात गेले. १८८१ साली मला मॅसॅच्युसेट्समधल्या ऑर्विल स्टेबिन्स नावाच्या बटण कारखानदाराने घेतले. आता या जमवणाऱ्या लोकांची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. तुमच्याकडे जमिनीचा जसा उतारा असतो, तसा यांच्याकडे नाण्याचा असतो. कोणाकडून कोणाकडे गेले, ती नावे एकाखाली एक. चांगल्या उताऱ्याच्या नाण्याला जास्त मान. म्हणून जुने पाकीट कधी फेकत नाहीत, ते नाण्याबरोबरच पुढे जाते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे नाणे धुणे हे यांच्या दृष्टीने महापाप. आमच्या लोकांत एक वेळ बायको सोडलेली चालते, पण सेंट धुतलेला चालत नाही.

स्टेबिन्सने पाकीट वाचले. धु. टॅम. त्याने एकदाही डोके खाजवले नाही. आपल्या वहीत त्याने सुरेख अक्षरात लिहिले: "धुतलेला. टॅम्पर केलेला." टॅम्पर केलेला म्हणजे कुणीतरी छेडछाड करून बिघडवलेला.

ऐकलेत? साठ वर्षे जिने मला पाण्याचा थेंब लागू दिला नाही, तिचा धंदा माझा डाग झाला आणि तिचे नाव माझी खोड झाली. तेही कुणी शत्रुत्वाने केले नाही. तेवढे तरी केले असते! एका माणसाने आळसाने चार अक्षरे कमी लिहिली आणि दुसऱ्याने आळसाने ती आपल्याला हवी तशी वाचली.

त्यापुढे एकशे चाळीस वर्षे मी 'धुतलेला' राहिलो. मला आणखी चार मालक मिळाले आणि चौघांनीही आधी पाकीट वाचले, मग भिंग उचलले. त्यामुळे चौघांनाही माझ्यावर धुतल्याच्या खुणा दिसल्या. एकाला गालाच्या खोलगटीत साबण दिसला. एकाने मला उजेडात फिरवून "हा रंग नैसर्गिक नाही" असे जाहीर केले, आणि वर रोज उंटाच्या केसांच्या ब्रशने मला घासायला तो मोकळा. एका प्राध्यापकाने धुतलेले नाणे कसे ओळखावे यावर व्याख्यान दिले आणि नमुना म्हणून मला सगळ्यांच्या हातात फिरवले. लोक माना डोलवत होते. मला तोंड असते तर त्या दिवशी एकेकाचे बोट चावले असते.

या सगळ्यांची नावे माझ्या उताऱ्यात होती. टॉलंड, स्टेबिन्स आणि पुढचे चौघे. मला जेमतेम दोन वर्षे, आणि तेही उलटे, ठेवणाऱ्याचेही नाव होते. साठ वर्षे राखणारीचे नव्हते.

परवा सिनसिनाटीला या तांबेवाल्यांचा वार्षिक मेळावा भरला. हॉटेलच्या एका खोलीत लिलावाआधी नाणी बघायची सोय होती. हिरव्या कापडाची लांब टेबले, पिवळे दिवे, आणि प्रत्येकाच्या डोळ्याला भिंग. माझ्यासमोर एक बाई येऊन बसली. ओडेसा प्रुइट तिचे नाव. बाल्टिमोरला तिची लाँड्री आहे, आणि बावीस वर्षे ती १७९६चे सेंट जमवते. काळ्या बाया या मेळाव्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे तिला सगळे ओळखतात. तिच्या संचात एकच जागा रिकामी होती. लांब बट. चांगल्या लांब बटेची किंमत तिच्या आवाक्याबाहेर होती. धुतलेल्या लांब बटेची होती, आणि त्यासाठीच ती पै पै बाजूला टाकून आली होती.

तिच्या शेजारी वॉली किम्ब्रो बसला होता. हा रेल्वेतून निवृत्त झालेला सिग्नलवाला आणि तिचा जुना मित्र.

"घे बाई तुझा आंघोळ केलेला नवरदेव," वॉली म्हणाला.

ओडेसाने मला कडेला धरून उचलले. भिंगाखाली तिने मला दोन्ही बाजूंनी फिरवून बघितले. मग तिने भिंग खाली ठेवले आणि तशीच उघड्या डोळ्यांनी बघत राहिली.

"वॉली, हा धुतलेला नाही."

"मिस ओडेसा, एकशे चाळीस वर्षं धुतलेला आहे तो."

"धुतलेलं तांबं गुलाबी पडतं, आजाऱ्यासारखं. आणि इथे केसांच्या मुळाशी बघ, मळ जिथल्या तिथे आहे. सदतीस वर्षं मी लोकांचे कपडे धुतेय. मळ कुठे बसतो नि कुठून जातो, ते मला कुणी शिकवू नये."

"मग पाकिटावर काय झक मारली म्हणून लिहिलंय?"

तिने पाकीट वाचले. मग त्या लिलावात टॉलंडचे आणखी जे सेंट होते, त्यांची पाकिटे मागवून घेतली. एकावर होते 'न्हा. जोना.' दुसऱ्यावर 'खा. पीट.'

"आता सांग," ओडेसा म्हणाली, "हा न्हा. म्हणजे न्हाऊ घातलेला का? आणि हा खा.? हा कुणी खाल्ला?"

वॉली हसायला लागला आणि मधेच थांबला. "न्हावी," तो म्हणाला. "न्हावी जोना. खाटीक पीट."

"आणि धु. टॅम.?"

ओडेसाने ते पाकीट तळहातावर घेतले. तिचा आवाज खाली आला, पण मला स्पष्ट ऐकू आला. "बाई आहे ती. टॅमी, टॅमसिन, असंच काहीतरी. माझ्यासारखी धुणेवाली. आणि या लोकांनी तिचा डाग करून टाकला."

वॉलीने इकडेतिकडे बघितले आणि तिच्या कानाशी वाकला. "ऐक माझं. तोंड शिवून टाक. उद्या धुतलेला म्हणून येईल, कुणी हात वर करणार नाही, तू खिशात घाल. परवा मग काय बोलायचं ते बोल. जे दुसऱ्याला दिसत नाही ते गुपचूप उचलायचं, हीच तर आपली रीत आहे."

तो खोटे बोलत नव्हता. हीच त्यांची रीत आहे. असे उचललेल्या नाण्यांचे किस्से ते जेवताना रंगवून सांगतात. बावीस वर्षांची रिकामी जागा भरायला ओडेसाने फक्त एक रात्र गप्प बसायचे होते.

"टॉलंडही गप्पच बसला असेल," ओडेसा म्हणाली. तिला काही माहीत नव्हते, आणि तरी तिने ते बरोबर सांगितले. ती उठली आणि लिलावाची यादी करणाऱ्या डेन्टन फ्रायच्या टेबलाकडे गेली.

फ्रायने सगळे ऐकून घेतले. मग खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे एवढी वर्षं आम्ही सगळे मूर्ख?"

"मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात."

"बाई, दुरुस्ती केली तर भाव तिप्पट होईल. तुम्ही तो घ्यायला आलात ना?"

"आले होते."

"मग?"

"दुरुस्ती वाचून दाखवा. आणि उताऱ्यात पहिलं नाव तिचं घाला. नुसतं 'धुतलेला नाही' एवढं म्हणून तिला परत पुसाल, तर मी उद्या सगळ्यांसमोर उभी राहून बोलेन. माझा आवाज केवढा आहे ते वॉलीला विचारा."

"भयंकर आहे," वॉली मागून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फ्रायने लिलावात चिठ्ठी वाचली: नाणे धुतलेले नाही. टॅम. नामक धुणेवालीकडून श्री. टॉलंड यांस प्राप्त. हॉलमध्ये एकदम कुजबुज उठली. प्राप्त! सहा सोमवार ती म्हातारी दारात उभी होती, आणि यांच्या तोंडून निघाले काय, तर प्राप्त. पण ते कोण दुरुस्त करणार? ते फक्त मी ऐकले होते.

बोली चढत गेली. ओडेसाने चार वेळा हात वर केला. पाचव्या वेळी तिने हात मांडीवर ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. डेन्व्हरच्या एका दंतवैद्याने मला घेतले. माणूस वाईट नव्हता. लिलाव संपल्यावर तो कोरे पाकीट आणि पेन घेऊन तिच्यापाशी आला.

"बाई, नवं पाकीट तुम्ही लिहा. तो मान तुमचा आहे."

ओडेसाने खुर्ची ओढली आणि सावकाश, एकही अक्षर न तोडता लिहिले: 'टॅमसिन', मग एक लांब रेघ, मग 'धुणेवाली, फिलाडेल्फिया.' त्याखाली टॉलंड आणि बाकीचे. टॅमसिन हा तिचा अंदाज होता, पण तिने तो ठामपणे लिहिला.

"मधे रेघ कशाला?" दंतवैद्याने विचारले.

"आडनाव असणारच ना तिला. आज ना उद्या कुणाला तरी सापडेल. सापडलं की भरा."

मग तिने मला शेवटचे उचलले आणि भिंगाखाली धरले. बावीस वर्षे जिची वाट बघितली, ती लांब बट तिने बघितली. तिची नजर हळूहळू वर सरकली आणि माझ्या वरच्या कडेवर थांबली.

"अक्षरं किती ठळक आहेत, वॉली," ती म्हणाली. "जणू काल कोरलीत."

आणि तिने मला पाकिटात घातले.

मित्रांनो, मी ओरडत होतो. तांब्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही, पण मी ओरडत होतो. त्या शब्दातल्या एकेका अक्षराची मापे या लोकांनी काढली आहेत. त्यातले 'आर' किती कललेले आहे, 'वाय'ची शेपटी कडेला कुठे टेकते, यावर त्यांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. एकशे चाळीस वर्षे ते टॅमसिनचे आडनाव भिंगाखाली धरून बसले आहेत आणि एकालाही ते वाचता आले नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. मला मखमल नको, ब्रश नको, माझा रंगही जपू नका. कुणाकडून काही घेतलेत तर त्याचे नाव पूर्ण लिहा, आणि मागून घेतले असेल तर सोमवार उलटायच्या आत परत द्या. आणि कधी डेन्व्हरला गेलात तर त्या दंतवैद्याकडे जा. पाकिटावर एक रेघ आहे, ती भरायला सांगा. सात अक्षरे आहेत. आतल्या नाण्यावर बघून लिही म्हणावे.